अर्ध्या तासाची जागल

आमच्या ऑफिसात मी ज्या माणसावर सगळ्यांत जास्त ओरडले, तो म्हणजे भिवाजी. त्यातलं निम्मं ओरडणं फुकट गेलं, कारण त्याच्यावर ओरडून काही होत नसे. तो मान खाली घालून ऐके, आपलं संपलं की "बरं बाई" म्हणे आणि झाडू उचलून जाई. ओरडणाऱ्याला निदान समोरच्याचा चेहरा पडलेला दिसावा एवढी तरी अपेक्षा असते. भिवाजीभाऊंचा चेहरा आधीच पडलेला होता, आणखी पडायला जागाच नव्हती.

मी कुसुम, आदिलाबादच्या नद्यांचं पाणी मोजणाऱ्या ऑफिसात टायपिस्ट. गुडीहत्नूरहून रोज बसने यायचे आणि बसनेच जायचे. जीभ माझी तिखट, हे मला माहीत आहे. आमचे साहेब तेलुगू होते, मला "कुसुमम्मा" म्हणायचे आणि शक्यतो माझ्या टेबलाजवळून जायचे नाहीत.

भिवाजीभाऊ ऑफिसचे रात्रीचे अटेंडर. संध्याकाळी सहाला यायचे, सकाळी मी आले की चहा द्यायचे आणि जायचे. पन्नाशी ओलांडलेली, गुडघा अधू, अंगावर खाकी शर्ट. त्याआधी बारा वर्षं ते पैनगंगेच्या घाटावर गेजवाले होते. गेज म्हणजे नदीत रोवलेला आकड्यांचा खांब. पावसाळ्यात दर तासाला बॅटरी घेऊन जायचं, पाणी कोणत्या आकड्यावर आहे ते बघायचं आणि तख्त्यावर, म्हणजे रकान्यांच्या छापील कागदावर, लिहायचं, रात्र असो की दिवस. आईबाप त्याच गावात दुसऱ्यांच्या शेतात राबलेले, आणि हा सातवी पास झालेला त्यांच्या घरातला पहिला. वस्तीतल्या लोकांनी नोकरी लागली तेव्हा त्याला हार घातला होता म्हणे. एक्क्याण्णव साली गुडघ्याने जवाब दिला, घाटाच्या पायऱ्या उतरवेनात, म्हणून त्याला ऑफिसात आणून बसवलं.

नदी सुटली तरी सवय सुटली नाही. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकड्यावर आडवा झाला तरी दर तासाला उठून बसायचा. घड्याळ लागत नव्हतं. मी एकदा चिडवलं, "भिवाजीभाऊ, आता कोनती नदी पायता तुमी?" तर म्हणाले, "नदी नाई बाई. डोया उघडते आपोआप." हसले नाहीत. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, थंड हवेचं मशीन बसवलं, नारळ फोडला आणि दारावर पाटी लावली की चपला बाहेर काढाव्यात. साहेबही मोजे घालून आत जायचे. हैदराबादला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग होतं, तिथे जायला कोणीच तयार होईना. एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याची बायको आजारी, तिसऱ्याला करंटची भीती. शेवटी "कुसुमम्मा जातील" असं ठरलं. मी गेले आणि जेवढं शिकवलं तेवढं शिकून आले. जे शिकवलं नाही, ते पुढे माझ्या डोक्यावर बसलं.

काम असं होतं. आमच्या हद्दीत सहा घाट. प्रत्येक घाटाचे एकोणऐंशीपासूनचे जुने तख्ते मी दिवसभर बसून कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मग कॉम्प्युटरने ते तपासायचे. वरच्या घाटावर पाणी किती होतं, खालच्या घाटावर किती होतं, यावरून मधल्या घाटावर किती असायला हवं ते तो काढायचा. गेजवाल्याने लिहिलेला आकडा आणि हा निघालेला आकडा जुळला नाही की यादीत त्या ओळीपुढे फुली छापायचा. घरी बसून आकडे लिहिणारे गेजवाले पुष्कळ असायचे. साहेबांना त्यांना पकडायचं होतं.

एका घाटाचा एक पावसाळा तपासायला कॉम्प्युटरला सलग सात-आठ तास लागायचे. दिवसा आमच्या गावात सलग आठ तास करंट मिळणं म्हणजे गंमतच होती. म्हणून ते काम रात्रीचं. हैदराबादवाल्यांनी सोय करून दिली होती की मी संध्याकाळी घाट आणि साल सांगून ठेवायचं. नऊ वाजले की कॉम्प्युटर आपला आपण सुरू होणार, रात्रभर हिशेब करणार, पहाटे यादी छापणार. मी घरी झोपलेली असताना माझं काम होणार, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. बसमध्ये बायकांना सांगत होते मी.

पहिल्या सकाळी येऊन बघते तर पडदा काळा, प्रिंटर गप्प. बटण दाबलं तर पडदा उजळला, पण काम अर्धवट तुटलेलं आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मी बसच चुकवली आणि खोलीत बसून राहिले. साडेनऊ वाजले, कोणी हात लावलेला नाही, आणि ते मशीन माझ्या डोळ्यांदेखत झोपी गेलं. अर्धा तास कोणी स्पर्श केला नाही की करंट वाचवायला झोपायचं, असं त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. आत काम चालू आहे याचं त्याला काही नाही. ते कुठून बदलायचं हे मला शिकवलेलं नव्हतं. हैदराबादला चिठ्ठी धाडली. माणूस येईल म्हणाले. कधी ते म्हणाले नाहीत.

तेव्हा मी भिवाजीभाऊंना बोलावलं. टेबलावरचा माउस दाखवला.

"हा असा थोडासा हलवायचा. अर्ध्या अर्ध्या तासाला. रातभर. जमते काय?"

"हलवाचा फक्त?"

"फक्त हलवाचा. दुसरं काईच दाबू नका."

"जमते," ते म्हणाले. "नदीपावतर जा लागत नाई, म्हंजे सोपंच हाय."

आणि खरंच, त्या दिवसापासून रोज सकाळी यादी छापलेली मिळू लागली. ज्या माणसाचा डोळा बारा वर्षं दर तासाला उघडत होता, त्याला अर्धा तास काय जड? चौथ्या दिवशी टेबलावर एक कागद दिसला. गेजचा जुना छापील तख्ता, मागच्या खोलीत गठ्ठे पडले होते त्यातला. तासांचे रकाने होते तिथे भिवाजीभाऊंनी लिहिलं होतं : ९.३० हलवला, १०.०० हलवला, १०.३० हलवला. असं सकाळी सहापर्यंत. शेवटचा रकाना कैफियतीचा, निजामाच्या वेळेपासून आमच्या ऑफिसात शेऱ्याला कैफियतच म्हणतात. तिथे 'करंट होता' असं लिहिलेलं.

"हे काऊन लिवता?" मी विचारलं. "कोन मांगतलं तुमाले?"

"रकाना असला तं भरा लागते बाई."

मी तो कागद टेबलाच्या खणात टाकला. रोजचा एक कागद, रोज खणात. मी कधी वाचला नाही.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चार घाट झाले. फुल्यांच्या याद्या निघाल्या, साहेबांनी मेमो काढले, दोन गेजवाले येऊन माझ्यापुढे रडले. मी त्यांना म्हटलं, रडू नका, नदीवर जात जा. त्या वेळी मला मी फार खरी बाई वाटत होते.

पाचवा घाट भिवाजीभाऊंचा निघाला. मी त्यांना मुद्दाम सांगितलं, "आता तुमची परीक्षा हाय." ते झाडू उचलून गेले. एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी अशी सालं एकामागून एक गेली. काय सांगू, फुली नावाला नाही. इतके स्वच्छ तख्ते मी पाहिले नव्हते. मी ते साहेबांना जाऊन सांगितलंही, म्हणजे बघा.

मग चौऱ्याऐंशी लावलं, आणि सकाळी पडदा काळा.

"डोया लागला बाई," भिवाजीभाऊ म्हणाले.

लागतो माणसाचा डोळा. मी पुन्हा लावलं. दुसऱ्या सकाळीही काळा. मी जरा आवाज चढवला. तिसऱ्या सकाळी मात्र माझं डोकंच फिरलं. साहेबांना मार्चअखेर सगळं हैदराबादला पाठवायचं होतं आणि ते माझ्याच मागे लागले होते. मी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलले. सरकार झोपायला पगार देते काय, म्हटलं. म्हातारे झाले असाल तर घरी बसा, म्हटलं. ते मान खाली घालून उभे होते. माझं संपल्यावर "बरं बाई" म्हणाले आणि चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून गेले.

रागाच्या भरात मी खण उघडला. झोपले कधी ते तरी कळेल म्हणून त्या रात्रीचा तख्ता काढला. ९.३० हलवला. १०.०० हलवला. असं साडेबारापर्यंत. मग पुढे :

१.०० हलवला नाही.
१.३० हलवला नाही.
२.०० हलवला नाही.

असंच सहापर्यंत. कैफियतीत : जागा होतो.

आदल्या दोन रात्रींचे तख्ते काढले. तेच. झोपलेला माणूस अर्ध्या अर्ध्या तासाला उठून 'हलवला नाही' असं लिहीत नाही. हा माणूस रात्रभर मशीनसमोर बसून त्याला झोपू देत होता, आणि तसं कागदावर लिहूनही ठेवत होता. मला तोंडी खोटं सांगत होता, पण तख्त्यावर खोटं लिहिणं त्याच्याच्याने झालं नाही.

त्या दिवशी मी शेवटची बस सोडली आणि संध्याकाळी ते येईपर्यंत थांबले. तीन तख्ते टेबलावर मांडले.

"तुमी जागे होते."

"होतो."

"मंग हलवला काऊन नाई?"

ते उभेच राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "पडद्यावर वर महिना दिसते ना बाई. साडेबारापावतर तो ऑगस्ट गाठते. ऑगस्टची सतरा तारीख हाय त्यात."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

ऑगस्ट चौऱ्याऐंशी. मुलगी चार वर्षांची, चंद्रभागा नावाची. एकुलती. दोन दिवस ताप होता, त्या रात्री झटके यायला लागले. गावातून रस्त्याकडे जाताना लागणारा नाला भरून वाहत होता, गाडी निघत नव्हती. डॉक्टर होता नदीच्या पलीकडच्या काठावर, सरकारी दवाखान्यात. डोंग्याने गेलं तर अर्धा तास. डोंगा चंपत नावाड्याचा. पण गावात एक कायदा होता, सगळ्यांनी मिळून केलेला. गेजच्या खांबावर चार मीटरवर लाल पट्टी मारलेली होती. पाणी पट्टीच्या वर असलं तर डोंगा सुटायचा नाही, आणि पट्टी बघून सांगायचं गेजवाल्याने. त्याने सोड म्हटल्याशिवाय चंपत दोर सोडत नसे, मग पाटील उभा राहो की आणखी कोणी. भिवाजी वस्तीतला माणूस, पण नदीवर अख्खं गाव त्याच्या शब्दावर चाले. त्याचा त्याला तेव्हा अभिमान होता.

"अकरा वाजता मी गेलो. पानी चार नव्वदवर. चंपत दोर धरून उभा होता, म्हने सोडू काय? मी म्हनलं नको. तो म्हने, उतरलं का आवाज दे. अन् घरी जाऊन झोपला."

"मंग?"

"मंग मी बी घरी आलो. पोरीनं माहा अंगठा धरला मुठीत. उठाले गेलो का रडे. तारा, तिची माय, म्हने, नका जाऊ. मले वाटलं, वर आभाय फाटलं हाय, सकायपावतर उतरत नाई पानी. बसलो तसाच. बाराले गेलो नाई, एकले गेलो नाई. चार वाजता गेली ती."

मी तख्ते उगाच एकावर एक ठेवले. 

"सहाले गेलो नदीवर," ते म्हणाले. "ड्यूटी होती ना. पानी तीनवर उतरलं होतं."

तीनवर. म्हणजे पट्टीच्या एक मीटर खाली. अकरा ते सहाच्या मध्ये कधीतरी नदी उतरली होती. कधी, ते बघायला तिथे कोणी नव्हतं. ज्याने बघायचं, तो घरी बसला होता.

"मधले सहा रकाने रिकामे होते. मी साऱ्यात चार नव्वद लिवलं. पाचपावतर. ताराले तेच सांगतलं, पानी पाचपावतर होतं म्हनून. ते लिवल्यापासून एक आकडा खोटा नाई लिवला मी. पायता पायता पंदरा वरसं होतील." ते थांबले. "तुमचं हे मशीन काढते ना बाई, पानी कदी उतरलं ते. पाचले उतरलं असन तं ठीक. बाराले, एकले उतरलं असन तं... मले नाई पाहाचं ते."

ताराबाई म्हणजे त्यांची बायको, मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करायची. मी विचारलं, ती काय म्हणते? "ते कदी काईच विचारत नाई," भिवाजीभाऊ म्हणाले. "विचारलं असतं तं बरं झालं असतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्याचाच राग आला. रडले असते तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी दिलं असतं, खुर्ची दिली असती. ते तसेच उभे होते, आणि नऊ वाजता कॉम्प्युटर आपला आपण सुरू झाला तेव्हा सवयीने त्याच्याकडे वळले. मी तो बंद केला. त्या रात्री मी नात्यातल्या एका बाईकडे मुक्काम केला आणि छताकडे बघत राहिले. मला वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. बधिर झाल्यासारखं होतं सगळं, दात काढल्यावर गाल होतो तसं.

ते साल वगळावं, असं मी ठरवलं होतं. पण मशीन मधलं साल सोडत नव्हतं. पुढचं वर्ष मागच्यावरून चालायचं, चौऱ्याऐंशी झाल्याशिवाय पंच्याऐंशी घेत नव्हतं. मी आठवडाभर बहाणे केले. व्होल्टेज नाही, कागद संपला, प्रिंटरची रिबन फाटली. आणि एका दुपारी हैदराबादचा माणूस येऊन उभा राहिला. मी चार महिन्यांपूर्वी बोलावलेला. साहेबांनी पुन्हा फोन केला होता.

चोवीस-पंचवीसचा पोरगा. बूटही न काढता खुर्चीत बसला, तीन-चार बटणं दाबली आणि झोपायची वेळ विचारणाऱ्या चौकटीत 'कधीच नाही' असं करून टाकलं. दोन मिनिटं लागली नसतील. "बस्, मॅडम. अब ये कभी नहीं सोयेगा," म्हणाला आणि चार महिने काय केलंत असं विचारून हसला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

साहेब खूश झाले. "कुसुमम्मा, ई रोजे," म्हणाले. आजच लावा. आणि मी लावेपर्यंत मागे उभे राहिले.

संध्याकाळी भिवाजीभाऊ आले तेव्हा मी सांगितलं. आता हलवायचा नाही, आता ते झोपणार नाही. आजची रात्र तुम्ही रजा घ्या, मी दुसऱ्या कोणाला तरी बसवते.

त्यांनी मशीनकडे पाहिलं. "नको. ड्यूटी माही हाय," म्हणाले. "पन कागद तुमीच पाहा बाई. मले तोंडी सांगजा, काय निंगालं ते. तुमी सांगसान ते मी मानतो."

दुसऱ्या दिवशी मी पहाटेची पहिली बस धरली. साडेसहाला ऑफिसात पोचले. ते व्हरांड्यात स्टोव्हला पंप मारत होते. मी चपला काढायच्या विसरून आत गेले. यादी प्रिंटरमधून खाली लोंबत होती, फाडलेली नव्हती. अख्ख्या पावसाळ्यात फक्त सहा फुल्या होत्या, एकाखाली एक. डावीकडे लिहिलेला आकडा, उजवीकडे निघालेला.

बारा वाजता : चार नव्वद. चार चाळीस.
एक वाजता : चार नव्वद. तीन ऐंशी.
दोन वाजता : चार नव्वद. तीन चाळीस.

पुढचे मी वाचले, पण त्यांची गरज नव्हती. एक वाजता नदी पट्टीच्या खाली आली होती. दोनच्या आत डोंगा पलीकडे लागला असता. पोर चारपर्यंत जिवंत होती.

मी तेवढा कागद फाडला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले. दोन गेजवाल्यांना नदीवर जात जा म्हणून सुनावणारी मी. त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाले, "भिवाजीभाऊ, पानी पाचपावतर पट्टीच्या वरच होतं. पाचच्या मागं उतरलं. डोंगा जाऊच शकत नव्हता."

त्यांनी स्टोव्हची आच कमी केली. "बरं," म्हणाले. आणि मग, "साखर कमी टाकू काय? काल जास्त झालती म्हने तुमाले."

मी आत जाऊन त्या सहा ओळींपुढे 'मूळ आकडा कायम' असं केलं. सरकारी पुस्तकात ती नदी आजही रात्रभर चार नव्वदवर आहे. साहेबांनी विचारलं, या घाटात एकही फुली नाही? नाही म्हटलं. ते म्हणाले, फार प्रामाणिक माणूस. मी हो म्हटलं.

आठवड्याने ताराबाई ऑफिसात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बारीक, पांढऱ्या केसांची, हातात जुन्या लुगड्यात बांधलेल्या ज्वारीच्या पापड्या. माझा हात धरला आणि सोडेना.

"बाई, तुमी मशीनीत पायलं म्हने. पानी होतं म्हने."

"होतं," मी म्हटलं.

"मले वाटे, मीच धरून ठेवलं ह्यायले. मी नका जाऊ म्हनलं ना." ती बराच वेळ रडली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती गेल्यावर मला हलकं वाटलं, अभिमानही वाटला. एका खोट्यात दोन माणसं सोडवली असं मला वाटलं. भिवाजीभाऊंच्या चेहऱ्यात काही फरक पडला नव्हता, पण मी म्हटलं, पंधरा वर्षांचं आहे, वेळ लागेल.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये ते रिटायर झाले. हार, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ दिलेलं पाहून मला साहेबांना चार शब्द सुनवावेसे वाटले. ते सगळ्यांना जय भीम करून, माझ्या टेबलावर किल्ल्या ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मी खण रिकामा केला. त्यांचे तख्ते गठ्ठ्याने पडले होते. रद्दीत टाकायला काढले, तर सगळ्यांत वर जो होता तो मी कधी पाहिलेला नव्हता. त्या रात्रीचा. हलवायचा नव्हता म्हणून त्या रात्रीचा कागद असेल असं मला वाटलंच नव्हतं; तो त्यांनीच खणात ठेवला असणार. पण रकाने होते, म्हणून त्यांनी भरले होते. ९.३० मशीन जागं. १०.०० मशीन जागं. साडेतीनपर्यंत तसंच. चारच्या रकान्यात : यादी छापली.

त्याखाली बारा ते पाच असे सहा तास मांडून त्यांनी सहा आकडे उतरवले होते. चार चाळीस, तीन ऐंशी, तीन चाळीस, आणि पुढचे तीन. अक्षर नेहमीसारखं, सरळ. तीन ऐंशीच्या समोर, कैफियतीत : डोंगा चालला असता.

शेवटची नोंद साडेसहाची होती. बाई आल्या. पानी पाचपावतर होतं म्हनल्या. बरं म्हनलं.

 यादी वाचून दोन-अडीच तास झाल्यावर ते मला साखर कमी टाकू का विचारत होते. आणि माझं खोटं घरी नेऊन त्यांनी ताराबाईला दिलं होतं, तिच्यापुरतं. स्वतःसाठी त्यातलं काही ठेवलं नव्हतं.

तो तख्ता मी रद्दीत टाकला नाही. ताराबाई दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी हाती ज्वारीच्या पापड्या पाठवते, आणि मी त्या तळून खाते.